संशयाचा अधिकार

ज्या मुलखात लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गणपती विराजमान झाला, ज्याच्या मुखी ज्ञानेश्वरांनी वेद वदविले अशी श्रद्धा आहे त्या रेड्याची समाधी आळे येथे आजही पूजिली जाते, आणि शिवनेरीच्या एकाच गडावर शिवाई देवीचे देऊळ व मशीद दोन्ही उभी आहेत, त्या जुन्नर तालुक्यातून धर्मसंशयाची एक समर्थ बालकथा मराठी चित्रपटात यावी, हे मला सर्वथा स्वाभाविक वाटते. राजुरीच्या मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (2008) ही ती कथा.

चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो. कर्जाने गांजलेला टिंग्याचा बाप कारभारी त्याला खाटकाला विकायला निघतो. आणि शेजारच्या राशिदाची आजारी नानी बरी व्हावी म्हणून जो तो धडपडत असताना बैलाच्या वाट्याला मात्र सुरी का, असे तो लहानगा टिंग्या विचारतो. ईश्वर आहे की नाही, हा त्याचा प्रश्न नव्हे. पण दया कोणाला लागू आणि तिची हद्द कोणी आखली, हे विचारताना तो धर्माच्या मुळाशीच हात घालतो. रेड्याच्या समाधीला नारळ वाहणारा आणि पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणारा शेतकरीच त्याला बाजार दाखवतो, या विसंगतीचा ठपका चित्रपट कारभाऱ्यावर ठेवीत नाही, यातच त्याची परिपक्वता आहे. खाटकाचा विषय निघाला की मुसलमान शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याची सोपी वाट मोकळी असताना ती न धरता दिग्दर्शकाने नानीचे घर टिंग्याच्या ममतेच्या अगदी मध्यभागी ठेवले. पुढे 2015 मध्ये राज्याच्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आणली. कारभाऱ्याचा तो मार्ग कायद्याने बंद झाला, पण निकामी बैलाच्या वैरणीचा खर्च होता तेथेच राहिला, आणि म्हणून टिंग्याचा प्रश्न आज अधिकच बोचतो.

टिंग्याची भूमिका करणाऱ्या शरद गोयेकर या राजुरीच्याच मेंढपाळ मुलाला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या तोंडची जुन्नरी बोली पुण्यात घोटून घेतलेली नाही. प्रतिनिधित्व म्हणतात ते येथे पात्राच्या जातीपाशी न थांबता उच्चारापर्यंत पोचले आहे.

यानंतरच्या चित्रपटांकडे पाहता संशयाची जात प्रत्येक ठिकाणी निराळी दिसते. उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’मध्ये नात्यातल्या नचिकेतच्या मृत्यूनंतर किशोरवयीन समीर ज्या शून्याचा शोध घेतो, तो उपनिषदाची छाया लाभलेल्या घरातला, एकांत परवडणारा शोध आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील कैकाडी जब्याला असा एकांत कोठून मिळावा? गावाच्या जत्रेत तो नाचू पाहतो आणि त्याच जत्रेपायी त्याच्या कुटुंबाला डुकरे धरावी लागतात. त्याला देवाविषयी तर्क करण्याची गरजच उरत नाही, कारण देवाच्या दारातील त्याची जागा गावाने आधीच मुक्रर केलेली आहे. बाबा भांड यांच्या कादंबरीवरील ‘दशक्रिया’त पैठणच्या घाटावर राखेतून नाणी चाळणारा भान्या मृत्यूच्या कर्मकांडाचा हिशेब पोटाच्या बाजूने मांडतो. माझ्या मते या तिन्हींत ‘फँड्री’चे बळ सर्वांत मोठे, कारण त्यात संशयाची किंमत संशय घेणाऱ्याच्या अंगावर दिसते.

तथापि हे सारे संशयात्मे मुलगेच आहेत, ही उणीव लहान नव्हे. नानीचे आजारपण राशिदाच्या घरात आहे. तरी प्रश्न विचारण्याची मुखत्यारी टिंग्याकडे जाते, आणि राशिदा आपल्या घरच्या श्रद्धेला काय विचारील, याकडे कथा वळत नाही. दुसरी उणीव आदिवासी मुलांच्या अभावाची; ती शेजारच्या आंबेगाव तालुक्यात अधिक स्पष्ट होते. भीमाशंकरच्या रानालगत महादेव कोळी आणि ठाकर राहतात. त्यांची मुले आश्रमशाळेत शिकतात. घोड नदीवरील डिंभे धरणात तर ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले ते मूळ आंबेगावच बुडाले. गाव पाण्याखाली जाताना देवाने काय केले, आणि गावदेवी नव्या वसाहतीत आली की जुन्याच जागी राहिली, हे एखाद्या ठाकर मुलीने आपल्या आजीला विचारावे, आणि कॅमेऱ्याने त्या दोघींच्या उंबऱ्यावर बसून, कोणत्याही समाजशास्त्रीय घाईविना, आजीचा जबाब शेवटपर्यंत ऐकावा, असा चित्रपट मराठीत होणे अगत्याचे आहे. तो करण्यास जुन्नर-आंबेगावातच वाढलेला, त्या बोलीत विचार करणारा दिग्दर्शक, आणि त्याहूनही दिग्दर्शिका, अधिक अधिकारी ठरेल.