पेद्रो पारामो

पेद्रो पारामो : मेक्सिकन कथा-कादंबरीकार ह्वान रूल्फो (१९१७–८६) ह्याची विख्यात स्पॅनिश कादंबरी (१९५५). मरणोन्मुख आईला दिलेल्या वचनानुसार ह्वान प्रेसियादो हा तरुण आपल्या अपरिचित पित्याच्या, पेद्रो पारामोच्या, शोधार्थ कोमाला ह्या गावी येतो. वाटेत भेटलेला आबुंदिओ हा खेचरवाला आपणही पेद्रोचाच मुलगा असल्याचे सांगतो. पेद्रो केव्हाच मरण पावलेला असून ओस गावात मृतांचेच आवाज वावरत असतात. कादंबरीच्या मध्यावर ह्वानही मरतो. पुढील कथेतील काही भाग तो थडग्यातूनच ऐकतो.

‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा जर्मन समीक्षक फ्रांट्स रो ह्याने १९२५ मध्ये चित्रकलेच्या संदर्भात वापरली. पुढे ती लॅटिन अमेरिकन कथासाहित्यास लावली गेली आणि ह्या कादंबरीचा उल्लेखही त्या संदर्भात नेहमी होतो. तथापि येथील अद्भुत चमत्कृतीसाठी अवतरत नाही. पापक्षालनावाचून मेलेल्यांचे आत्मे भटकतात, ही ग्रामीण कॅथलिक श्रद्धा तिच्या मुळाशी आहे. गावचा धर्मगुरू जमीनदाराच्या मुलासाठी प्रार्थना करतो. गरिबांना मात्र क्षमा नाकारतो.

पेद्रोच्या लेखी नाते म्हणजे मालमत्ता. कर्ज फेडावे लागू नये म्हणून तो ह्वानच्या आईशी विवाह करतो. अनेक अनौरस मुलांपैकी एकालाच आपले नाव देतो. परिणामी भाऊ भावाला ओळखत नाही आणि मुलाला पित्याची ओळख मृतांच्या तोंडूनच होते. क्रमनिर्देश नसलेल्या तुटक खंडांची रचना वाचकाला प्रथम दुर्बोध वाटते. परंतु अखंड स्मृतीच न उरलेल्या कुटुंबाची कथा अशीच सांगता आली असती.

बालपणापासून प्रिय असलेल्या सुसानाविषयीची पेद्रोची व्याकुळता रूल्फोने अतिशय काव्यात्म शब्दांत रंगविली आहे. त्यामुळे त्याने नाडलेल्या स्त्रियांचे दुःख झाकोळण्याचा धोका निर्माण होतो. शेवट हा तोल सावरतो : पत्नीच्या दफनासाठी पैसे मागण्यास आलेला, दारूच्या नशेतील आबुंदिओच पेद्रोवर प्राणघातक वार करतो. पित्याला शोधणारा मुलगा त्याला कधीच भेटत नाही; भेटतो तो पित्याने झिडकारलेला मुलगा. ह्या विदारक न्यायामुळे ही छोटेखानी कादंबरी केवळ भुताखेतांची कथा राहत नाही. गाब्रिएल गार्सीया मार्केस ह्याने तिचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.