शेकोटीच्या चौकटीतली मान

इलेक्ट्रिक गिटारचं कौतुक होतं ते आवाजाचं, फार तर रंगाचं आणि आकाराचं. मानेकडे सहसा कोणी बघत नाही. वाजवणाऱ्याचा डावा हात मात्र सगळा वेळ तिथेच असतो, आणि सूर लागला की हुकला याचा निकालही तिथेच लागतो. म्हणून गिटारवादक ब्रायन मेच्या ‘रेड स्पेशल’ या गिटारकडे बघताना मी मानेपासून सुरुवात करतो.

ऑगस्ट १९६३. ब्रायन सोळा वर्षांचा, राहणार लंडनच्या पश्चिमेकडच्या फेल्टममध्ये. फेंडर किंवा गिब्सन कंपनीची गिटार घ्यायची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले, हाताला कसब असलेले. बापलेकांनी गिटार घरीच करायला घेतली आणि साधारण दोन वर्षांत ती उभी राहिली. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराचा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरीचा आवाज थांबल्यावर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यात जी गिटार बोलू लागते, ती हीच.

मानेचं लाकूड महोगनीचं. ते आलं एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून. शंभराहून अधिक वर्षांचं लाकूड पुरतं वाळलेलं असतं. आकसायचं, पिळवटायचं ते सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. मानेला हेच हवं. पण जुन्या लाकडाबरोबर जुनी कीडही येते. या तुकड्यात किड्यांनी पोखरलेली भोकं होती. ती बुजवली चक्क आगपेटीच्या काड्यांनी. नंतर यंत्र न लावता, हातानेच तासून मानेला गोलाई दिली.

ही मान जाड आहे, इतकी की बाजारात आलेल्या बऱ्याच प्रतिकृतींमध्ये ती मुद्दाम बारीक केली गेली. पण त्या जाडीला कारण आहे. सहा तारा मिळून मानेवर तीस-चाळीस किलोंची ओढ टाकतात आणि ती ओढ रात्रंदिवस चालू असते. जाड मान सहजासहजी वाकत नाही. तेवढ्यावर न थांबता त्यांनी आत पोलादी ट्रस रॉडही, म्हणजे मान ताठ ठेवणारी सळई, बसवला. मानेचं बूड गिटारच्या अंगात खोलवर शिरतं आणि एका बोल्टने धरलं जातं.

वरची पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, ओकची. त्या काळच्या बड्या गिटारींवर शिसवीची किंवा मेपलची पट्टी असे. इथे ओकलाच काळा रंग देऊन वर प्लास्टिकचा लेप चढवला. ही तडजोड होती आणि ती तडजोडच दिसते.

आता फ्रेट, म्हणजे पट्टीवरचे धातूचे आडवे पडदे. इथे मात्र तडजोडीला जागाच नाही. मिरजेच्या सतारीचा पडदा बेसूर वाटला तर थोडा सरकवता येतो. गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. त्यामुळे सगळा हिशोब करवत लावण्याआधी व्हावा लागतो. रेड स्पेशलच्या तारेची लांबी २४ इंच. उरलेल्या लांबीला दर वेळी १.०५९४६ने भागत जायचं, की पुढच्या फ्रेटची जागा मिळते. पहिला फ्रेट ३४ मिलिमीटरच्या किंचित पुढे येतो, बारावा बरोबर मध्यावर, आणि तेविसाव्या-चोविसाव्यात जेमतेम ९ मिलिमीटर उरतात. तिथे करवतीची एक जाड खाच पडली तर कान लगेच तक्रार करतो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरला तेव्हा २१ फ्रेट असत, गिब्सनच्या लेस पॉलला २२. या पोराने २४ घेतले, म्हणजे प्रत्येक तारेवर दोन पूर्ण सप्तकं. जे करायला सर्वांत अवघड तेच त्याने वाढवून घेतलं.

फ्रेटच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं वापरली. मला सर्वांत रस वाटतो तो त्यांच्या मांडणीत. इतर गिटारींवर बहुधा बाराव्या फ्रेटला दोन ठिपके आणि बाकी ठिकाणी एकेक. इथे सातव्या आणि एकोणिसाव्याला दोन, बाराव्या आणि चोविसाव्याला तीन. मोकळी तार षड्ज धरली तर सातवा फ्रेट पंचम, बारावा तार षड्ज, एकोणिसावा त्यावरचा पंचम आणि चोविसावा त्याच्याही वरचा षड्ज. पंचमाला दोन बटणं, षड्जाला तीन! मेच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला ही पट्टी अनोळखी वाटणार नाही.

शेवटी डोकं. तारा आधी पट्टीच्या डोक्याकडच्या टोकाला असलेल्या शून्य फ्रेटवर टेकतात आणि मग जवळपास सरळ रेषेत खुंट्यांकडे जातात. कारण या गिटारच्या ट्रेमोलोच्या दांड्याने तारा ढिल्या करून पुन्हा ताणल्या जातात, आणि वाटेत कुठे तार अडकली तर ती सुरात परत येत नाही. घर्षण जितकं कमी, तितका सूर जागेवर. पुढे पदार्थविज्ञानाकडे वळलेल्या आणि २००७ साली इंपीरियल कॉलेजची पीएचडी मिळवलेल्या माणसाची विचार करायची पद्धत इथे आधीच दिसते.

या मानेची गोडी कशात आहे? ती गरिबीतून झाली म्हणून तिचं कौतुक करणं सोपं आहे, पण नुसत्या जुगाडाने साठ वर्षं वाजणारं वाद्य होत नाही. आगकाडी चालते, कारण ती बुजवलेल्या भोकात आहे. बटण चालतं, कारण ते फक्त डोळ्यासाठी आहे. रंगवलेला ओक चालतो, कारण बोटाखाली दबलेली तार फ्रेटवर टेकते, लाकडावर नाही. फ्रेटची जागा, तारेची वाट आणि मानेचा ताठपणा यांत मात्र केसाचीही सूट नाही. हौशी कारागीर सहसा दोन्हींपैकी एका बाजूला चुकतो: एक तर सगळीकडे ‘चालतंय की’ म्हणतो, नाहीतर महागड्या लाकडाशिवाय हात लावत नाही. कुठे अडून बसायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे ब्रायनला सोळाव्या वर्षी कळलं, आणि ते कळलेले वडील शेजारी होते. या मानेचं खरं भांडवल तेच.