जोत्यापुरती संहिता : लिनियस ट्राइपचा तंजावर-पट आणि कुंभकोणम परिसर

लिनियस ट्राइप याने 1858 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील विमानाच्या जोत्यावरचे तमिळ शिलालेख टिपले आणि 21 छायाचित्रे सलग जोडून सुमारे 6 मीटर लांबीचा पट सिद्ध केला. भारतीय छायाचित्रणाच्या आरंभपर्वातील हे काम असाधारण आहे. जोत्याच्या कडेने वाचत चालावे तशी येथे प्रतिमा उलगडते. हुल्श यांच्या संपादनाखाली या लेखांचे प्रकाशन 1891 मध्ये सुरू झाले; म्हणजे छापील संहितेच्या तीन दशके आधी तिचे चित्र सिद्ध होते.

यामुळेच हा पट म्हणजे मंदिराचा समग्र दस्तऐवज, असे मानण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. जोत्यावर मुख्यतः राजराज चोळ आणि त्याच्या आप्तांची दाने नोंदलेली आहेत. प्राकाराच्या उत्तर भिंतीवर बाहेरच्या बाजूस वेगळाच लेख आहे. निरनिराळ्या देवालयांतून तंजावरास आणलेल्या सुमारे 400 स्त्रियांची नावे, त्यांची घरे आणि मूळ देवालये यांची त्यात नोंद आहे. त्यांपैकी काही कुंभकोणमजवळच्या पळैयारै या चोळनगरीतील. आजच्या कुंभकोणम परिसराच्या सामाजिक इतिहासाचे हे बहुमोल साधन पटाबाहेर राहिले.

मराठीची अनुपस्थिती अधिक बोलकी आहे. सरफोजी दुसरा याने 1803 मध्ये याच मंदिराच्या आवारातील भिंतींवर भोसले वंशाचे चरित्र मराठी गद्यात कोरवून घेतले. राजाचा शब्द देवालयाच्या दगडावर लिहिण्याची चोळ परंपरा त्याने बखरीच्या भाषेत पुढे चालवली. तुलनात्मक अभ्यासाला असे उदाहरण क्वचितच लाभते. पट पाहणाऱ्याला मात्र हे सातत्य जाणवत नाही. दुसरा शिवाजी 1855 मध्ये पुत्राविना निवर्तला आणि कंपनीने ते राज्य खालसा केले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत तयार झालेल्या या पटात तंजावर केवळ प्राचीन दिसते. ट्राइपवर हेत्वारोप करणे अन्यायाचे ठरेल. त्याचा विषय विमानापुरता होता. परंतु विषयाची ही मर्यादा पटाच्या समीक्षेत सहसा विचारात घेतली जात नाही.

1859 मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन आलेल्या ट्रेव्हेलियन याने खर्चाच्या कारणावरून सरकारी छायाचित्रणाचा हा उपक्रम थांबवला. उरलेल्या भिंतींपर्यंत ट्राइपचा कॅमेरा पोहोचलाच नाही.