शिकारग्रंथांची साक्ष व जंगलांतील मुक्काम

मध्यप्रांतांतील जंगलांचा इतिहास लिहितांना ज्या इंग्रजी ग्रंथांचा आधार वारंवार घेतला जातो, त्यांत कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा १८७१ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झालेला ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ अग्रगण्य होय. त्यांतील मुक्कामांचीं व शिकारीचीं वर्णनें वाचून पुष्कळांचा असा ग्रह होतो कीं, त्या काळीं जंगल सर्वांस मोकळें होतें. शिकाऱ्यानें वाटेल तेथें डेरा द्यावा, वाटेल तितके दिवस राहावें, त्यास विचारणारा कोणी नव्हता. हा ग्रह कितपत साधार आहे, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारार्थ घेत आहों.

ग्रंथाच्या गुणांविषयीं वाद नाहीं. पचमढीचें पठार, साग व साल यांच्या सीमा, गोंड व कोरकू यांची राहणी, गवा, वाघ, अस्वल यांच्या संवयी, हें सर्व लेखकानें स्वतः फिरून पाहिलेलें आहे. नागपूरचे पाद्री हिस्लॉप यांनीं जमविलेली व रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढलेली लिंगोची कथाहि त्यानें आपल्या ग्रंथांत पद्यरूपानें दिली आहे. मात्र पद्याच्या सोयीसाठीं मूळ कथेस जें वळण मिळालें, त्यामुळें अभ्यासकानें मूळ संग्रहच पाहावा हें बरें.

परंतु निरीक्षक विश्वसनीय असला म्हणजे त्याच्या अनुभवावरून सार्वत्रिक नियम बांधतां येतो, असें नाहीं. पहिली गोष्ट काळाची. फॉर्सिथ पचमढीस गेले तें १८६२ सालीं. मध्यप्रांताची स्थापना नुकतीच, १८६१ सालीं, झाली होती व हिंदुस्थानचा पहिला जंगल-कायदा १८६५ सालचा. दुसरी गोष्ट अधिकाराची. ते सरकारी कामगिरीवर होते व ‘बायसन लॉज’ ही वास्तु त्यांनीं त्याच कामगिरींत उभारली. अंमलदाराच्या डेऱ्यास कोणी हरकत घेतली नाहीं, यावरून जंगल सर्वांस मोकळें होतें असें अनुमान काढणें म्हणजे मामलेदार कचेरींत बसतो म्हणून कचेरी ही धर्मशाळा ठरविण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच रानांत रात्र काढणारे दुसरे लोक होते. मोहफुलें वेंचणारे, गुरें घेऊन उतरणारे, डाह्याच्या शेतीची राखण करणारे, जाळीं लावणारे पारधी यांचाहि मुक्काम तेथेंच. फॉर्सिथ यांच्या ग्रंथांत गोंड-कोरकू माग काढणारे, हाकारे व मजूर म्हणून जागोजाग दिसतात. परंतु डाह्याचा विषय निघाला म्हणजे तेच लोक मोलाच्या लांकडाचा नाश करणारे ठरतात. शिकाऱ्याचा मुक्काम हें साहस व रानकऱ्याचा मुक्काम हा उपद्रव, ही दृष्टि पुढें कायद्यांत उतरली.

१८७८ च्या व त्याच्या जागीं आलेल्या १९२७ च्या जंगल-कायद्याचा मजकूर या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. १९२७ च्या कायद्याच्या २६ व्या कलमांत राखीव जंगलापुरतीं तीन कृत्यें वेगवेगळीं सांगितलीं आहेत. मनाई असलेल्या ऋतूंत विस्तव पेटविणें किंवा बाळगणें, अनधिकारें शिरणें, आणि सरकारी नियमांविरुद्ध शिकार करणें. मूळ कायद्यांत शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पांचशें रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी होती. लेखी परवानगी असली अगर चौकशींत हक्क कायम झालेला असला म्हणजे हा निषेध लागू नाहीं. परवाना हातीं असलेल्या शिकाऱ्यास मार्ग मोकळा होता. हक्क कायम होण्यासाठीं मात्र जाहीरनाम्यानंतर ठराविक मुदतींत, जी निदान तीन महिन्यांची असावी असें कायदा म्हणतो, दावा मांडावा लागे. न मांडल्यास सामान्यतः हक्क बुडे. फिरत्या शेतीस तर कायद्यानें हक्कच न म्हणतां, सरकारच्या मर्जीनें चालणारी सवलत म्हटलें. अक्षरशून्य डोंगरी माणसानें चुलीसाठीं पेटविलेला विस्तव व रात्रीचा विसावा अशा रीतीनें गुन्ह्याच्या कक्षेंत आला.

१९२३ सालीं प्रसिद्ध झालेला डनबार ब्रँडर यांचा मध्य हिंदुस्थानांतील वन्य प्राण्यांवरील ग्रंथ याच्या शेजारीं ठेवून वाचावा. लेखक स्वतः जंगलखात्याचे अधिकारी. त्या वेळेपर्यंत परवाने, ठराविक मुदतीसाठीं राखून ठेवलेले शिकारीचे ब्लॉक व खात्याचे बंगले यांची व्यवस्था रूढ झाली होती. दोन्ही ग्रंथांमधील सुमारे पन्नास वर्षांत जंगल मोकळ्याचें बंद झालें, एवढेंच म्हणणें अपुरें आहे. तें एकास परवान्यानें उघडलें व दुसऱ्यास त्याच कागदाच्या अभावीं मिटलें.

हा वाद केवळ ग्रंथालयांतला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांतील १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचा मार्ग जवळजवळ बंद झाला. अभयारण्यांत प्रवेशाचा परवाना आज अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठीं मिळतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें चराई व भटक्या जमातींचा हंगामी वावर यांस हक्क मानलें, परंतु पारंपरिक शिकारीस स्पष्टपणें वगळलें. त्या कायद्याखालील २००८ च्या नियमांनीं गॅझेटियर, सेटलमेंटचे अहवाल व जंगलखात्याचीं दप्तरें हीं पुराव्यांत धरलीं, तशीच वृद्धांची जबानीहि धरली. म्हणून जुन्या लेखनांत कोणाचा मुक्काम नोंदला गेला व कोणाचा गाळला गेला, यावर आज एखाद्या पाड्याचा दावा अवलंबून राहूं शकतो.

यास्तव आमचें म्हणणें असें कीं, फॉर्सिथ यांचा ग्रंथ टाकाऊ नाहीं. तो एका पक्षाची साक्ष म्हणून घ्यावा. तिच्या जोडीस वाजिब-उल-अर्ज, निस्ताराच्या नोंदी, परवान्यांचीं पुस्तकें व जंगल-गुन्ह्यांचीं रजिस्टरें ठेवावीं. ज्याच्या नांवाचा परवाना फाटला त्याची नोंद एका दप्तरांत सांपडेल. ज्यास दंड झाला त्याची दुसऱ्यांत. हीं दोन्ही समोरासमोर मांडल्यावांचून त्या रानांत रात्र कोणी काढली, याचा इतिहास पुरा होणार नाहीं.