क्रौलीचा जाबता व व्यवस्थापनविचाराचा उगम

इंग्लंडांतील आरंभींच्या कारखान्यांतून आधुनिक व्यवस्थापन कसें उद्भवलें, या विषयावर सिडनी पोलार्ड यांचा इ. स. १९६५ सालीं प्रसिद्ध झालेला 'दि जेनेसिस ऑफ मॉडर्न मॅनेजमेंट' हा ग्रंथ अद्यापि आधारभूत मानला जातो. ('कारखाना' हा शब्द येथें यंत्रोद्योगाच्या अर्थीं घ्यावयाचा, आपल्या दप्तरांतील अठरा कारखाने निराळे.) केवळ छापील ग्रंथांवर विसंबून न राहतां पोलार्ड यांनीं उद्योगगृहांचा पत्रव्यवहार व हिशेबाच्या वह्या तपासल्या, हें त्यांचें मोठेंच कार्य होय. त्यांचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, कुशल व्यवस्थापक पुष्कळ झाले, परंतु प्रत्येकानें आपापल्यापुरती वाट काढली. सर्वांस उपयोगी पडेल असें शास्त्र त्या काळीं बनलें नाहीं.

शास्त्र बनलें नाहीं हें खरें. पण शास्त्र नाहीं म्हणून विचारही नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. विचार ग्रंथांतच असतो असें नाहीं. तो जाबत्याच्या कलमांतही असतो. सर ॲम्ब्रोज क्रौली (१६५८–१७१३) याच्या लोखंडी कारखान्यांच्या नियमांचें हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररींत आहे. एम. डब्ल्यू. फ्लिन यांनीं तें संपादून १९५७ मध्यें सर्टीज सोसायटीतर्फे प्रसिद्ध केलें. नियमांचा विस्तार एक लक्ष शब्दांहून अधिक! कारखाने उत्तरेस डरहॅम परगण्यांत विनलेटन व स्वॉलवेल येथें, आणि धनी अडीचशें मैलांवर लंडनकडे. कारभार मंडळामार्फत व पत्रांनीं चाले. कामगाराच्या येण्याजाण्याची नोंद मिनिटांसुद्धां ठेवावी. मॉनिटराच्या घड्याळाखेरीज दुसरें कोणतेंही घड्याळ वा घंटा प्रमाण धरूं नये. दारूच्या गुत्त्यांत वा कॉफीगृहांत घालविलेला वेळ वजा करून दिवसाचे साडेतेरा तास काम भरावें, अशीं कलमें त्यांत आहेत. हीं घातलीं गेलीं तेव्हां न्यूकोमेनचें वाफेचें यंत्र (१७१२) निघालें नव्हतें, व आर्कराइटची क्रॉमफर्डची सूतगिरणी (१७७१) तर पाऊण शतक दूर होती. अर्थात् या शिस्तीचें मूळ यंत्रांत नसून धन्याच्या दूर राहण्यांत व अविश्वासांत आहे. पोलार्ड यांच्या मांडणींत या गोष्टीस यावें तितकें वजन आलेलें नाहीं.

जाबता वाचतांना सावधगिरी हवी, हें कागद हाताळणाऱ्यांस सांगावयास नको. धन्याची इच्छा काय होती तें त्यांतून कळतें. प्रत्यक्ष काय घडलें तें कळत नाहीं. तथापि निषेध हाच पुष्कळदां पुरावा होतो. आपण चपळ आहों, म्हणून थोड्या वेळांत काम उरकलें तर चालेल, असें कांहीं कामगार समजतात, अशी क्रौलीची तक्रार आहे. म्हणजे वेतन वेळाचें कीं कामाचें, हा वाद तेथें माजलाच होता, आणि क्रौलीनें वेळाच्या बाजूनें निकाल दिला.

यंत्रयुगानें बदललें तें येथें. चार्ल्स बॅबेज यानें १८३२ च्या आपल्या ग्रंथांत टांचण्यांचा धंदा तपासला. दहा माणसें, त्यांत चार पुरुष, चार बायका व दोन मुलें. रोजमजुरी साडेचार पेन्सांपासून सहा शिलिंगांपर्यंत. त्याचा सिद्धान्त असा कीं, काम विभागलें म्हणजे प्रत्येक भागास लागेल तेवढेंच कौशल्य विकत घेतां येतें, व सहा शिलिंगांच्या माणसाकडून साडेचार पेन्सांचें काम करवून घ्यावें लागत नाहीं. क्रौली कामगाराचा वेळ मोजी; बॅबेज त्याचें कौशल्य मोजतो. विचाराच्या विकासांतील ही खरी पायरी असून ती एकट्या हिशेबाच्या वह्यांतून दिसणारी नव्हे.

आणखी एक उणीव. ज्यांचीं दप्तरें टिकलीं तीं सोहोच्या बोल्टन-वॉट यांच्यासारखीं मोठीं व भरभराटलेलीं घराणीं होत. एरिक रोल यांचा १९३० चा ग्रंथही त्याच दप्तरावर उभा आहे. जे उद्योग बुडाले, त्यांचे कागद बहुधा रद्दींत गेले. तेव्हां टिकलेल्या दप्तरांवरून सगळ्या काळाबद्दल विधान करतांना पोलार्ड यांनीं हात अधिक आखडता घ्यावयास हवा होता.