पाच गाण्यांचं जुगाड

उसाचा हंगाम सुरू झाला की लासुर्ण्यातून भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे जी वाहनं जातात, त्यांतल्या काहींचं कूळमूळ विचारू नये. पुढं छोटा ट्रॅक्टर, मागं बैलगाडीचा सांगाडा, चाकं तिसऱ्याच कशाची. परवा रात्री असलंच एक जुगाड खडखडत गेलं तेव्हा मी ‘द क्रॅम्प्स’ या बँडची ‘ग्रेव्हेस्ट हिट्स’ ही तबकडी ऐकत होतो. गाणं कुठं संपलं आणि ट्रॅक्टर कुठं सुरू झाला, काही क्षण कळलंच नाही.

या बँडचं नाव सायकोबिली या संगीतप्रकाराशी कायमचं जोडलं गेलंय. हा शब्द जॉनी कॅशच्या १९७६ च्या ‘वन पीस अॅट अ टाइम’ या गाण्यातला. त्यातला कामगार मोटारीच्या कारखान्यातून जेवणाच्या डब्यात घालून एकेक भाग घरी नेतो. वर्षानुवर्षांनी गाडी उभी राहते तेव्हा ती कुठल्याच एका सालाची नसते. क्रॅम्प्सनी तो शब्द उचलून हँडबिलांवर छापला. पुढं म्हणाले, ते नुसतं गर्दी जमवण्यासाठी होतं. असेल. पण तबकडीची बांधणी थेट त्या गाडीसारखीच आहे. पाचांतली चार गाणी दुसऱ्यांची: जॅक स्कॉट, रॉय ऑर्बिसन, ट्रॅशमेन, रिकी नेल्सन. मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत अॅलेक्स चिल्टननं १९७७ मध्ये पाचही ध्वनिमुद्रित केली, आणि १९७९ मध्ये ती एकत्र निघाली.

पहिलं, ‘ह्यूमन फ्लाय’, मात्र त्यांचं स्वतःचं. माणूस माशी झालाय, आणि त्याला त्याचा रुबाब आहे. गिटार पायरी पायरीनं खाली उतरते, घाई अजिबात नाही. दुसरी गिटार इतकी फाटलेली की गुऱ्हाळावरच्या काहिलीभोवती घोंघावणाऱ्या माश्या आठवाव्यात. गायक ल्युक्स इंटिरियर मधेच उचकी लागल्यासारखा शब्द तोडतो. ही जुन्या रॉकाबिली गायकांची लकब. तिथं ती प्रेमात येते, इथं भुताटकीत. भीती वाटते का? नाही. तमाशातला सोंगाड्या चेहरा गंभीर ठेवून बोलतो तेव्हा जे होतं, ते होतं.

आणि खर्ज नाही! या बँडात तेव्हा बास वाजवणारा कुणीच नव्हता. पॉयझन आयव्ही आणि ब्रायन ग्रेगरी यांच्या दोन गिटारी, निक नॉक्सचे ड्रम, बस्स. लंडनमध्ये १९८० साली ‘द मीटिअर्स’ आले आणि उभ्या बासवर थापा मारणं ही या प्रकाराची खूणच ठरली. मला ही बिनखर्जाची तबकडी अधिक आवडते. पायाखालची जमीन काढून घेतल्यावर गाणं वरच्या वर लटकत राहतं.

‘द वे आय वॉक’ आणि ‘डॉमिनो’ ऐटबाज आहेत, बाकी विशेष नाही. दुसऱ्या बाजूला ‘सर्फिन बर्ड’ पाच मिनिटांवर जातं. शब्दांना अर्थ नाहीच. शेवटी सुरांनाही उरत नाही, नुसता गोंगाट लोळत राहतो. ही थट्टा वाटेल त्यानं बँडची जून १९७८ ची चित्रफीत पाहावी. कॅलिफोर्नियातल्या नापाच्या मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांपुढं कार्यक्रम केला. रुग्ण येऊन माइकमध्ये ओरडतात, ल्युक्स त्यांना हटकत नाही. त्यांच्यातलाच होऊन तोही लोळतो.

त्या गोंगाटानंतर ‘लोनसम टाउन’ येतं. मन मोडलेल्यांच्या गावाचं, रिकी नेल्सननं १९५८ मध्ये गायलेलं हळवं गाणं. ल्युक्स इथंही डोळा मिचकावणार म्हणून आपण वाट पाहत बसतो. तो मिचकावत नाही. भूत, माशी, उचकी सगळं काढून ठेवून तो दुसऱ्याचं गाणं जपून गातो, उसना आणलेला दागिना अंगावर घालावा तसं. ल्युक्स २००९ मध्ये गेला तोवर बँडात कितीतरी माणसं आली नि गेली. तो आणि त्याची बायको आयव्ही तेवढे शेवटपर्यंत राहिले. हे माहीत असल्यामुळं की काय, त्या गाण्यातला एकटेपणा मला आता दोघांचा ऐकू येतो.