'नल पॉइंटर असाइनमेंट' : एका दुर्लक्षित संदेशाची चिकित्सा

बोर्लंड कंपनीने १९८७ साली आणलेल्या टर्बो सी या कंपायलरवर विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम अपेक्षित उत्तर छापतो आणि संपताना पडद्यावर 'नल पॉइंटर असाइनमेंट' ही अनाहूत ओळ उमटते. उत्तर बरोबर म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही होते. फार तर मेमरी मॉडेल 'स्मॉल'ऐवजी 'लार्ज' करण्याचा सल्ला मिळतो. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या सल्ल्यावर आहे. स्मॉल व मीडियम मॉडेलमध्ये डेटा सेगमेंटच्या आरंभी कंपनीची स्वामित्वसूचना असते. प्रोग्रॅम संपताना त्या बाइटांची बेरीज तपासली जाते. ती जुळली नाही, तर शून्य पत्त्याच्या आसपास काही लिहिले गेले असे मानले जाते. लार्जमध्ये ही तपासणीच नाही. दोष राहतो, पहारेकरी तेवढा जातो!

चूक अर्थातच आधी घडलेली असते. स्कॅनएफमध्ये चलापूर्वीचे 'अँड' चिन्ह राहिले, की चलाचे मूल्यच पत्ता ठरते. वॉच खिडकीत शून्य पत्त्यावरील बाइट ठेवून एफ-८ कळीने ओळीओळीने पुढे गेल्यास, ज्या ओळीनंतर ते बदलतात ती ओळ सापडते. मात्र चलात शून्याऐवजी दुसरेच काही मूल्य पडलेले असेल, तर बहुधा स्मॉल मॉडेलही गप्प राहते.